मनाचा केर काढणारे गाडगेबाबा

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. त्या निमित्तानं ही स्मरणिका निघते आहे. मंडळींनी आम्हाला सांगितलं की बुवा, तुम्ही एका संताचं चरित्र लिहून द्या. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. हातात नांगराचं रुमणं असतं नाहीतर टाळ, लेखणी फारशी धरलेली नाही. तरी माउलींची आज्ञा म्हणून बसलो आहोत. चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

ज्ञानोबा-तुकोबांवर लिहायला मोठे अधिकारी लोक आहेत. आम्ही गाडगेबाबांचं चरित्र घेतलं. त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगू. आधी चरित्र ऐका.

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परिटाच्या घरी. आईचं नाव सखुबाई. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. त्या काळी देवाच्या नावानं बोकड कापायचा, दारू वाटायची आणि त्यालाच कुळधर्म म्हणायचं, अशी रीत होती. रीत पाळता पाळता माणूस रीतीत बुडाला. घर गेलं, शेत गेलं, शेवटी देहही गेला. डेबू तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. मरायच्या आधी झिंगराजींना फार पस्तावा झाला, आणि या पोराला दारूपासून नि असल्या देवांपासून दूर ठेव असं त्यांनी सखुबाईला सांगितलं, असं बाबांच्या चरित्रात येतं.

माउली, दारुड्याच्या घरातलं पोर कसं असतं हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळतं. ते पोर लवकर मोठं होतं. बापाची पावलं वाजली की पाऊल सरळ पडतं का वाकडं हे कानानं ओळखतं. पुढं बाबा दारूवर इतक्या तळमळीनं बोलत, ते पुस्तक वाचून नव्हे. त्यांना लिहिता-वाचता येतच नव्हतं. ते घरात भोगलेलं होतं.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. हे गाव मूर्तिजापूर तालुक्यात. मामा चंद्रभानजी यांचा शेतीचा मोठा बारदाना होता. डेबूकडं गुरं आली. सकाळी गुरं सोडायची, दिवसभर रानात राहायचं, संध्याकाळी परत. गुराख्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून सगळ्यांनी मिळून खायच्या, ही सवय त्याला रानातच लागली. रात्री तो भजनात बसायचा. कुठं कुणाकडून अभंग ऐकला की पाठ व्हायचा. अक्षरओळख नाही, पण तुकोबांचे अभंग तोंडावर. पुढं आयुष्यभर बाबांनी गुरू म्हणून नाव घेतलं ते तुकोबांचंच.

गुरं राखणाऱ्या पोरांचं भजनी मंडळ म्हणजे काय असणार? ज्यांना गावात कुणी विचारत नाही अशी ती पोरं. पण रात्री टाळ हातात आला की त्यांचाही आवाज गावाला ऐकू जातो. आम्ही स्वतः लहानपणी गुरं राखलेली आहेत. दिवसभर ज्याला सगळे एकेरीत हाक मारतात, त्याला भजनात चाल सांगायचा मान मिळाला तर रात्री झोप किती गोड लागते, ते आम्हाला ठाऊक आहे.

डेबूजी मोठा झाला, शेतीत वाघ झाला. लग्न झालं, बायकोचं नाव कुंताबाई. पण मामांनी सावकाराचं कर्ज केलं होतं. कर्ज किती घेतलं, किती फेडलं, कागदावर काय लिहिलं, हे घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. मामांना अक्षर येत नव्हतं, सावकाराला येत होतं. एक दिवस चांगली पिकाऊ जमीन सावकाराच्या नावावर निघाली. मामांनी हाय खाल्ली आणि त्या धक्क्यातून ते उठलेच नाहीत. डेबूजी मात्र नांगर घेऊन त्याच शेतात उभा राहिला आणि ताबा घ्यायला आलेल्या माणसांना त्यानं परत लावलं, असं सांगतात.

मंडळी, इथं क्षणभर थांबा. एका घरात दोन कर्ते पुरुष गेले. एक दारूनं, एक कर्जाच्या धसक्यानं. दोघांनाही रोग झाला तो मनाचा. अंगाला ताप नव्हता, जखम नव्हती. डेबूजीनं हे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या पन्नास वर्षांचं कीर्तन या दोन मरणांतून निघालं असं आम्हाला वाटतं. कर्ज काढून सण करू नका, दारूला शिवू नका, पोरांना शिकवा म्हणजे सावकाराचा कागद वाचता येईल, हे तिन्ही उपदेश याच घरातले आहेत.

डेबूजीला पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची जातीची रीत. त्यानं गोडाचं जेवण केलं. पंच रागावले. बापाचा जीव ज्या रीतीनं घेतला ती रीत लेकीच्या पाळण्याजवळ नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आज आपल्याला हे सोपं वाटतं. पण आपल्या गावात, आपल्या भावकीत, आपल्या अंगणात रीत मोडून बघा, मग कळतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटेच्या अंधारात डेबूजीनं घर सोडलं. वय अठ्ठावीस, एकोणतिसावं पुरं व्हायला थोडेच दिवस उरलेले. मागं म्हातारी आई, बायको, लेकरं. आम्ही कीर्तनात हा प्रसंग सांगतो तेव्हा वैराग्याचं फार वर्णन करतो. पण चुलीजवळ बसलेल्या कुंताबाईचं कुणी सांगत नाही. तिनं पुढं ऋणमोचनला झोपडीत दिवस काढले. नवऱ्याच्या नावानं लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यातलं काहीही आपल्या घरच्यांच्या वाट्याला येऊ नये हा बाबांचा दंडक होता. तो दंडक तिनं सोसला. म्हणून बाबांना नमस्कार करताना त्या माउलीलाही करावा.

बारा वर्षं बाबा भटकले. अंगावर चिंध्या शिवून केलेलं पांघरूण, डोक्यावर गाडग्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा. कुणी भाकर दिली तर त्याच गाडग्यात घ्यायची, पाणी त्याच गाडग्यात प्यायचं. म्हणून कुणी गाडगेबाबा म्हणू लागलं, कुणी गोधडेबाबा. वेड्यासारखा वेश बघून लोक हाकलत. कुत्री अंगावर येत. बाबांनी ते सगळं घेतलं. गावाच्या मनात वेड्याला, भिकाऱ्याला, महारोग्याला कुठं जागा असते, हे त्यांनी त्या जागेवर उभं राहून पाहिलं.

ऋणमोचनला पूर्णा नदीकाठी मुद्गलेश्वराची जत्रा भरते. काठावर चिखल, उतार निसरडा, म्हाताऱ्या-कोताऱ्या माणसांचे पाय घसरायचे. बाबा तिथं चिखल उपसायला लागले आणि पुढं घाट बांधून झाला. नदीत पुण्य शोधायला आलेल्या माणसाचा पाय मोडू नये, इथून बाबांचा परमार्थ सुरू झाला.

आता बाबा गावात कसे येत ते सांगतो, कारण या चरित्राचा गाभा तिथं आहे.

बाबा गावात आले की कुणाच्या वाड्यावर जात नसत. वेशीजवळून खराटा सुरू. रस्ता झाडायचा, गटार मोकळं करायचं. पहिल्यांदा लोक बघत उभे राहत. मग एखादं पोर येई. मग एखादा म्हातारा येई, त्याला लाज वाटे की बाहेरचा माणूस आपलं दार झाडतो. मग बायका बादल्या घेऊन निघत. दुपारपर्यंत निम्मं गाव खराटा धरून असे. वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा एकाच रस्त्यावर केर काढत असे. ज्यांचं दहा वर्षं बोलणं नाही त्यांना पाटी एकमेकांच्या हातात द्यावी लागे. झाडून झालं की जातपात न बघता सगळ्यांना एका पंगतीला बसवायचं. आणि रात्री कीर्तन.

बाबांचं कीर्तन आपल्या वारकरी कीर्तनापेक्षा वेगळं. आपल्याकडं विणेकरी उभा असतो, मृदंगाचार्य असतात, मागं टाळकऱ्यांच्या रांगा असतात. अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, प्रमाणं द्यायची. बाबांच्या कीर्तनात समोर बसलेला सगळा समाजच टाळकरी. बाबा विचारायचे आणि लोकांनी उत्तर द्यायचं. देव कुणी केला, कितीला आणला, त्याच्यापुढचा निवेद कुत्र्यानं खाल्ला तर तो हाकलतो का, असं एकेक विचारत जात. सगळी सभा एका आवाजात जाब देई. वऱ्हाडी बोली, रानातले दाखले, नकला, हसणं. हसता हसता माणसाला कळे की हे आपलंच चाललंय. तेवढ्यात बाबा गोपाळाच्या नावाचा गजर सुरू करत. हजारो टाळ्या एका ठेक्यात पडत. मग परत प्रश्न, परत गजर. असं मध्यरात्रीपर्यंत.

हा गजर मध्ये मध्ये का? आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करतो. आमच्या समजुतीप्रमाणं सांगतो. माणसाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं की तो आकसतो. दारूचं बोललं की दारुडा खाली बघतो, कर्जाचं बोललं की कर्जदार उठून जायला बघतो. त्याच वेळी सगळ्यांनी मिळून टाळी वाजवली, नाव घेतलं, की त्याला वाटतं, आपण एकटेच नाही. शेजारच्याची टाळी आणि आपली टाळी एकाच वेळी पडते आहे. श्वास मोकळा होतो. मग पुढचं बोलणं आत जातं. तुम्ही भजनात बघा. सुरुवातीला पंधरा टाळ पंधरा तऱ्हेनं वाजतात. अर्ध्या तासानं एकच टाळ वाजतो आहे असं वाटतं. कुणी कुणाला दटावलेलं नसतं. एकमेकांचं ऐकत ऐकत ते जमतं. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याचंही तिथं कुणीतरी ऐकत असतं.

आणि बाबा कुणाचं नाव घेऊन फजिती करत नसत. हसू आणायचे ते रीतीवर, माणसावर नाही. हे आम्हा कीर्तनकारांनी शिकायचं आहे. आजकाल समोर बसलेल्या बाईच्या कपड्यावर, पोरांच्या केसांवर बोलून हशा मिळवणारी कीर्तनं होतात. ज्याच्यावर हशा झाला तो परत येत नाही, आणि मनातली गोष्ट तर कुणाला कधीच सांगत नाही.

कीर्तन संपता संपता बाबा अंधारात निघून जात, कारण लोक पाया पडायला धावत. पाया पडू देत नसत. मी कुणाचा गुरू नाही आणि माझा कुणी शिष्य नाही असं ते बजावून सांगत. आम्ही तर बिदागी घेतो, मग लिहिताना थोडी लाज वाटते, पण खरं ते लिहिलं पाहिजे.

बाबांच्या आयुष्यात १९२३ साली मोठा घाव बसला. ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. कीर्तन चालू असताना बातमी आली की मुलगा गोविंदा गेला. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग सांगून बरेच जण म्हणतात की बाबांचं काळीज दगडाचं होतं, संतानं असंच असावं. आम्हाला तसं वाटत नाही. घरी लेकरू गेलेलं, आणि बाप शेकडो कोस लांब. त्या घटकेला त्यांना एकटं बसायला कुठली खोली होती? समोरचे लोक हेच त्यांचं घर. त्यांच्यातून उठून एकटं जाण्यापेक्षा त्यांच्यात उभं राहणं बाबांनी निवडलं. दुःख झालं नाही असं नव्हे, दुःखाला त्यांनी माणसांत ठेवलं. म्हणून आपल्या कुणाच्या घरी असं झालं तर त्याला बाबांचा दाखला देऊन रडू नको म्हणू नये. त्याला माणसांत बसवावं. रडायचं तर रडू द्यावं, गायचं तर गाऊ द्यावं.

बाबांनी एवढं कीर्तन केलं, पण नुसत्या कीर्तनावर सोडलं नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात ज्यांना कुणी ओसरी देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. वारीला जाऊन पावसात वाळवंटात झोपायचं आणि जातीमुळं कुणाच्या दारात उभंही राहायचं नाही, हे दुःख काय असेल? माणसाला रात्री डोक्यावर छप्पर आणि दारात मान मिळाला तर त्याचं मन निम्मं तिथंच बरं होतं. ही धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. कऱ्हाडला १९५४ साली रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज निघालं, त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी बाबांचं नाव दिलं. जो माणूस एक अक्षर वाचू शकत नव्हता त्याच्या नावाचं कॉलेज.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ बाबांनी धर्मशाळा केली. खेड्यातून माणूस रोगी घेऊन येतो, रोग्याला खाट मिळते, पण सोबतच्या माणसानं कुठं पडायचं? याचा विचार बाबांनी केला. त्यांनी अंगारे-धुपारे, नवस, कोंबडी-बकरी यांवर कडाडून टीका केली आणि दवाखान्याच्या दारात धर्मशाळा बांधली. याचा अर्थ आपण समजून घ्यावा. महारोग्यांना तर बाबा स्वतःच्या हातानं आंघोळ घालत. ज्याला घरचे शिवत नाहीत त्याच्या पाठीवरून कुणाचा तरी हात फिरला पाहिजे, हे औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि एक अचंबा. पंढरपुरात वारीला येऊन बाबा देवळात जाण्याऐवजी चंद्रभागेचं वाळवंट झाडत. लाखो वारकऱ्यांची घाण उचलत. रात्री तिथंच कीर्तन. आमचे वडील विशीत असताना वारीला गेले तेव्हा त्यांनी ते कीर्तन ऐकलं. ते सांगायचे की एवढी माणसं एकदम हसताना आणि पुढच्याच घटकेला एवढी माणसं एकदम गप्प होताना पुन्हा कधी पाहिली नाहीत. आमचे आजोबा त्याच वर्षी वारले होते. वर्षश्राद्धाला शेत गहाण टाकून गावजेवण घालायचं ठरलं होतं. वडील वारीहून आले आणि नाही म्हणाले. चार माणसांना आमटी-भाकर आणि रात्री भजन, एवढंच केलं. भाऊबंद वर्षभर बोलले नाहीत. पण शेत राहिलं. तेच शेत आम्ही आज कसतो. एका रात्रीच्या कीर्तनानं काय होतं असं कुणी विचारलं तर आम्ही त्याला बांधावर नेऊन उभं करतो.

१९५६ साल उजाडलं. बाबांचं वय ऐंशीचं, प्रकृती ढासळलेली. तरी फिरणं थांबलं नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलीस लोकांसमोर बाबांचं कीर्तन झालं. ते शेवटचं. त्याचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे, आजही ऐकायला मिळतं. तरण्या पोरांनी मोबाईलवर एकदा जरूर ऐकावं. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न विचारायचं आणि सभेला बोलतं करायचं सुटलेलं नाही.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांना तो धक्का फार लागला. त्यानंतर चौदाव्या दिवशी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडं येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांचा प्राण गेला. ना घरात, ना मठात. जन्मभर वाटेवर राहिले, वाटेवरच गेले. समाधी अमरावतीला आहे.

आता कारण सांगतो, जे सुरुवातीला राखून ठेवलं होतं.

आपल्या दिंडीत एक टाळकरी होता. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. वीसेक वर्षं वारीला आला. गळा गोड, पावली खेळायला लागला की बायाबापड्या काम सोडून बघत. एका वर्षी दोन पिकं हातची गेली. कर्ज होतं. तो एकादशीच्या भजनाला यायचा बंद झाला. आम्ही विचारलं नाही. वाटलं, कामात असेल. एकदा सप्त्यात मागच्या खांबाला टेकून बसलेला दिसला, टाळ घेतला नव्हता. आम्ही त्या दिवशी मोक्षावर दोन तास निरूपण केलं. लोक म्हणाले, छान झालं. पुढच्या महिन्यात त्यानं आपला जीव दिला.

माउली, आम्ही त्या दिवशी कीर्तनातून खाली उतरून त्याच्या हातात टाळ दिला असता तर तो वाचला असता, असं म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. कुणाच्या मनात काय होतं ते पांडुरंगाला ठाऊक. पण गाडगेबाबा तिथं असते तर त्यांनी त्याला खांबाशी बसू दिलं नसतं, हे आम्ही जाणतो. त्यांनी आधी त्याच्या हातात खराटा दिला असता, मग पंगतीत शेजारी बसवलं असतं, मग प्रश्न विचारून त्याच्या तोंडातून शब्द काढला असता. आम्ही बोलत राहिलो, तो ऐकत राहिला. बाबांच्या कीर्तनात लोक बोलत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

त्यानंतर आपल्या भजनी मंडळात तीन गोष्टी सुरू झाल्या, त्या नव्या पोरांसाठी इथं लिहून ठेवतो. पहिली, भजनाला सुरुवात करण्याआधी कोण आलं नाही ते बघायचं. लागोपाठ दोन एकादश्या कुणी आलं नाही तर दोघांनी त्याच्या घरी जायचं. उपदेश करायला नाही, चहा प्यायला. दुसरी, महिन्यातून एक सकाळ सगळ्यांनी मिळून गाव झाडायचं, आणि त्या रात्रीच्या भजनात चाल सांगायची ती रोजच्या गाणाऱ्यानं नाही, मागच्या रांगेतल्यानं. बाया गवळण आणि जात्यावरच्या ओव्या म्हणतात, पोरं भारूड करतात. बेसूर झालं तरी चालेल, पण तोंड उघडलं पाहिजे. तिसरी, कुणाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर त्याला भजनात तर आणायचंच, पण तेवढ्यावर न थांबता सोबत जाऊन डॉक्टरलाही दाखवायचं. मन आजारी पडणं ही लाजेची गोष्ट नाही. पाय मोडला तर आपण नुसता हरिपाठ म्हणत बसतो का?

पहिल्या वर्षी लोक हसले. घरोघर चहा पीत फिरणारी दिंडी म्हणाले. मागल्या पावसाळ्यात एक तरणा शेतकरी, ज्याच्या घरी आपली दोन माणसं तीनदा जाऊन आली होती, तो चौथ्या एकादशीला आपण होऊन आला. काही बोलला नाही. टाळ घेतला, चुकत-माकत वाजवला, शेवटपर्यंत बसला. यंदाच्या वारीला तो पताका घेऊन चालला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं वाटेत आम्हाला भाकरी बांधून दिली. एवढी गोड भाकर आम्ही खाल्लेली नाही.

शंभर वर्षांत या दिंडीनं किती मैल तुडवले त्याचा हिशेब पुढच्या पानांवर विणेकऱ्यांनी दिलाच आहे. आमची विनंती एवढीच, की पुढच्या शंभर वर्षांत दिंडीतला एकही टाळ खांबाला टेकून गप्प बसू नये. रस्ता झाडायला बाबांचा खराटा घ्या आणि मन झाडायला त्यांचं कीर्तन घ्या. दोन्ही एकट्यानं होत नाहीत, दोन्हीला गाव लागतं.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर लेकरू समजून पदरात घ्यावं.

रामकृष्ण हरि.